भाऊसाहेबांचा करंट

नगर जिल्ह्यात गल्लीगणिक एक भाऊसाहेब सापडतोच. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी भाऊसाहेब भाऊसाहेबच राहिले आहेत.) त्यातली एक पोटजात सावेडीपासून संगमनेर-कोपरगावपर्यंत अलीकडे जोरात फोफावली आहे : मुलगा न्यू जर्सीत, मुलगी लंडनजवळ आणि स्वतः उभा जन्म थ्री फेजची वाट पाहण्यात गेलेला. हे गृहस्थ परदेशी निघाले की पासपोर्ट बायकोच्या पर्समध्ये असतो आणि ॲडॉप्टर स्वतःच्या खिशात.

विजेशी त्यांचं नातं भावकीसारखं आहे, म्हणजे भांडणाचं, पण हक्काचं. डीपी जळाली की वर्गणी, व्होल्टेज पडलं की स्टॅबिलायझर, पिन नसली की वायरीची टोकं भोकांत घालून वर काडेपेटीच्या दोन काड्या. कुठलाही प्लग कुठल्याही सॉकेटात बसतो, बसत नसेल तर जोर कमी पडतोय, हा त्यांचा सिद्धान्त.

"पप्पा, मिक्सर आणू नका," असं मुलगा फोनवर तीनतीनदा बजावतो.

"अरे, ॲडॉप्टर घेतलाय ना!"

इथेच सगळी मेख आहे. ॲडॉप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो, व्होल्टेजला हातही लावत नाही. मोबाइलच्या चार्जरवर मुंगीच्या अक्षरांत १००-२४० व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणून तो कुठेही नांदतो. मिक्सरवर नुसतं २३० असतं. पण भाऊसाहेब चष्मा लावून वाचतात ते फक्त पेपरातलं साखर कारखान्याच्या निवडणुकीचं पान.

न्यू जर्सीत पोचल्यावर शेंगदाण्याच्या चटणीसाठी मिक्सर लागतो. तो फिरतो, पण पाय ओढत. मुलगा सांगतो, "इथं १२० व्होल्टच असतं." भाऊसाहेब अवाक! "म्हणजे अख्ख्या देशात कायम लो व्होल्टेज? आणि कुणी काही बोलत नाही? आमच्या राहुरीत एवढ्यावर रास्ता रोको झाला असता!" मग नगरहून आणलेली पाण्याची किटली लावतात. व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता निम्मी नाही, पाव होते. पाणी उकळेपर्यंत त्यांचं अमेरिकेविषयीचं सगळं भाषण होऊन जातं. चटणी शेवटी सूनबाई तिथल्याच मिक्सरवर करते. भाऊसाहेब ती मुकाट्याने खातात आणि तिखट कमी आहे म्हणतात.

खरी पंचाईत वेगळीच असते. तिथे लाइट सहसा जातच नाही. रात्री दोनला उठून मोटर चालू करायची नाही, 'आली का?' म्हणून शेजाऱ्याला हाक मारायची नाही. माणूस करणार काय?

लंडनला मुलीकडे मात्र त्यांची कळी खुलते. व्होल्टेज आपल्याएवढंच, २३०. फक्त पिना चौकोनी. जावई कौतुकाने सांगतो, की आपली गोल थ्री पिन मूळची इंग्रजांचीच, आणि या चौकोनी पिनेचं प्रमाण त्यांनी काढलं १९४७ मध्ये. "बघा!" भाऊसाहेब मांडीवर थाप मारतात. "जुना माल आपल्या गळ्यात मारून त्याच वर्षी निघाले!" सॉकेटच्या खालच्या दोन भोकांना आतून झडपा असतात, वरची अर्थची पिन शिरल्याशिवाय त्या उघडत नाहीत, हे कळल्यावर तर त्यांना हसू आवरत नाही. "आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, आणि यांनी भोकांना लावलीत!"

पण त्या प्लगवर त्यांचा जीव जडतो, कारण प्रत्येकाच्या पोटात एक छोटा फ्यूज असतो आणि तो काढता येतो. एका दुपारी जावई ऑफिसातून परततो, तर फ्रीज बंद, टीव्ही बंद, वायफाय बंद आणि जेवणाच्या टेबलावर घरातले सगळे फ्यूज ओळीने मांडलेले. भाऊसाहेब सुरी खाली ठेवून समाधानाने म्हणतात, "जावईबापू, सगळे बघितले. एकही उडालेला नाही."