पेंढीवरचा पाहुणा

॥ श्री ॥

उप्साला, स्वीडन
२७ डिसेंबर

ति. आई-बाबांना सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. सूर्य पावणेतीनलाच मावळतो, त्यामुळे तुमचे चिरंजीव चार वाजता 'रात्री जेवायला काय?' विचारतात, एवढीच कुरबुर.

बाबा, तुम्ही रोज सकाळी चबुतऱ्यावर चण टाकता ना, तसाच प्रकार इथे नाताळात असतो. कणसांसकट ओट्सची अख्खी पेंढी काठीला बांधून पाखरांसाठी बाहेर उभी करतात. तिचं नाव 'यूलशेर्वे'. जितकी जास्त पाखरं उतरतील तितकं पुढचं वर्ष पिकापाण्याचं, अशी जुनी समजूत. आमचं पीक म्हणजे बाल्कनीतली कोथिंबीर, तीही ऑक्टोबरातच गेली. पण शेजारच्या आजींनी आग्रह केला म्हणून पेंढी आणली. किंमत कळवत नाही. तेवढ्यात तुमची कबुतरं होळीपर्यंत जेवली असती.

तुमच्या नातीला, चिनूला, मात्र त्याच आजींनी दिलेल्या शुभेच्छापत्रासारखं सगळं हुबेहूब हवं होतं. ते चित्र येनी न्यूस्त्रोम नावाच्या बाईंचं. १८५४ सालचा जन्म त्यांचा, आणि इथल्या नाताळाच्या कार्डांवर अजून त्यांचंच राज्य. लाल टोपीचा, पांढऱ्या दाढीचा 'टोम्टे' म्हणजे शेतघराचा राखणदार बुटका. शेजारी बर्फ, पेंढी, आणि पेंढीवर लाल छातीचे गुबगुबीत पक्षी, पंगतीला पाट मांडून बसवल्यासारखे. त्या पक्ष्याचं स्वीडिश नाव 'दूमहेर्रे', म्हणजे मोठ्या चर्चमधले शास्त्रीबुवा! (टोम्टेलाही नैवेद्य असतो बरं का, आई. खीर, वर लोण्याचा गोळा. लोणी दिसलं नाही तर गोठ्यातली गाय मारण्यापर्यंत त्याचा राग जातो. आपले वास्तुपुरुष फारच सोशिक म्हणायचे.)

बाबांनी बडोद्याच्या कमाटीबागेतल्या पिक्चर गॅलरीत शंभरदा नेलेलं असल्यामुळे चिरंजीवांना चित्रातलं कळतं. ते म्हणाले, खरे पक्षी बघायचे तर ब्रूनो लिल्येफोर्स बघावा. तो १८६० साली इथेच उप्सालात जन्मला. त्याच्या चित्रात पक्षी आधी दिसतच नाही. गवतात, बर्फात मिसळून गेलेला असतो, शोधावा लागतो. त्यांचं म्हणणं मला पटलं, कारण आमच्या पेंढीवर तीन दिवस अगदी लिल्येफोर्सच चालला होता. शोधूनही कोणी सापडेना.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी तीनला अख्खा देश टीव्हीपुढे बसून डोनाल्ड डक बघतो. दरवर्षी तोच कार्यक्रम, म्हणे! आम्हीही बसलो. चिरंजीव मात्र अंधारात, उणे नऊ अंशांत, बाल्कनीत हात जोडून उभे. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की घाटावर आपल्याकडे जे चालतं तेच. आधी 'चुकलं असेल तर माफ करा', मग एकेक कबुली. 'आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन यंदा करून घेतो' इथवर मला काचेतून ऐकू आलं. पुढचं ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, म्हणजे नऊला, पेंढी हलली. शास्त्रीबुवा नव्हे. राखाडी मान, तिरकी नजर, काळा कोट. त्याला इथे 'काया' म्हणतात. बाकी अंगकाठी, आवाज आणि आगाऊपणा थेट आपल्या दांडियाबाजारातल्या कावळ्यांचा. चिनूनं गेल्या पितृपक्षात तुमच्या गच्चीवर त्यांना पान वाढलेलं पाहिलं होतंच. ती ओरडली, 'पणजोबा आले!'

शेजारच्या आजींनी त्यांच्या बाल्कनीतून मान हलवली. हा पक्षी मोजायचा नसतो म्हणाल्या. मी समजावलं की आमच्याकडे हाच मोजतात, बाकीचे आले काय, न आले काय. माझ्या स्वीडिशमध्ये त्याचा अर्थ 'आमच्या सासरी सगळे कावळे आहेत' असा झाला असावा, कारण त्या खूप वेळ हसत होत्या. बाबा, राग मानू नका.

उत्तरायणाला गच्चीवर जपून. आणि बाबा, पाखरं घरट्याकडे परततात त्या वेळी तरी मांजा खाली घ्या.

तुमची सून

ता. क. — बाल्कनीत आणखी काय कबूल केलं ते हे सांगत नाहीत. फोनवर तुम्हाला बोलले तर कळवा.