वार्षिक सहभोजन : स्वरूप, आसनव्यवस्था आणि उपयोग

वार्षिक सहभोजन म्हणजे वर्षभर एकमेकांना ईमेल पाठवणाऱ्या माणसांनी एका संध्याकाळी एकमेकांसमोर बसून जेवणे. सिंगापूरच्या सरकारी, निमसरकारी आणि खाजगी कचेऱ्यांत याला 'डिनर अँड डान्स', थोडक्यात 'डी अँड डी' म्हणतात. नावातले डिनर खरे असते. डान्स बहुधा मनुष्यबळ विभागातल्या पाच-सहा जणांच्या वाट्याला येतो. ते महिनाभर तालीम करतात आणि बाकीचे सगळे तो नाच फोनमध्ये टिपून घेतात, पुन्हा कधीही न पाहण्यासाठी.

स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कर्मचाऱ्यांचे सहभोजन हा या विषयाचा पोटप्रकार. सिंगापुरात तो अभ्यासायचा तर आधी संस्था शोधावी लागते. १९५७ च्या निवडणुकीनंतर ओंग एंग गुआन शहराचे महापौर झाले आणि त्यांनी पदाचा राजदंड अडगळीत टाकला. १९५९ मध्ये सरकारने सिटी कौन्सिलची कामेच आपल्याकडे घेतली, म्हणजे दंडामागोमाग दरबारही गेला. 'महापौर' ही पदवी पुढे परत आली आणि आज ती पाच कम्युनिटी डेव्हलपमेंट कौन्सिलांच्या प्रमुखांना मिळते. मात्र त्या खुर्चीसाठी वेगळे मतदान होत नाही. जिने झाडणे, लिफ्ट चालू ठेवणे, भिंतींना रंग देणे ही नगरपालिकेची खरी कामे १९८८ च्या कायद्यानुसार टाउन कौन्सिलांकडे आहेत आणि टाउन कौन्सिल खासदारांकडे. एकाच माणसाने दुपारी संसदेत अर्थसंकल्पावर बोलावे आणि संध्याकाळी लिफ्टमधल्या वासाबद्दल ऐकून घ्यावे, अशी ही काटकसरी रचना आहे.

काटकसर इथेच थांबत नाही. अनेक टाउन कौन्सिलांचे व्यवस्थापन एखाद्या कंपनीकडे सोपवलेले असते, झाडलोट त्या व्यवस्थेखालच्या कंत्राटदाराकडे असते आणि प्रत्यक्ष झाडू कंत्राटदाराने आणलेल्या माणसाच्या हातात. तेव्हा कौन्सिलचा कर्मचारी कोणाला म्हणावे, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकापेक्षा जेवणाच्या निमंत्रणावरून लवकर सुटतो. ज्याला निमंत्रण येते, तो कर्मचारी.

निमंत्रणावर वेळ सात असते. सातला फक्त नवे कर्मचारी आणि शाकाहारी येतात. नव्यांना भीती असते, शाकाहाऱ्यांना आपले टेबल कोपऱ्यात कुठे आहे ते शोधायचे असते. जेवण आठनंतर सुरू होते आणि याबद्दल कोणी तक्रार करत नाही. मराठी लग्नात जेवलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. संध्याकाळला एक 'थीम' असते. ती बॉलीवूड असेल तर चिनी अधिकारी लिटल इंडियातून शेरवानी आणतात आणि भारतीय अधिकारी पांढऱ्या शर्टात येतात.

आसनव्यवस्था हा सहभोजनाचा गाभा. मराठी पंगतीत पान कुठे मांडले याला फार अर्थ नसतो, कारण वाढपी ओळखीचा असला की शेवटच्या पानावरही जिलबी पोहोचते. सिंगापुरात दहा जणांचे गोल टेबल असते आणि मधोमध फिरणारी चकती. चकतीला ओळखपाळख नाही, ती सर्वांना सारखीच फिरते, त्यामुळे मानापमानाची सारी जबाबदारी टेबलाच्या क्रमांकावर येऊन पडते. पहिल्या टेबलावर पाहुणे खासदार आणि महाव्यवस्थापक असतात. पुढच्या क्रमांकांवरून कोणाची बढती जवळ आली आहे, हे वार्षिक मूल्यमापनाच्या अहवालाआधी कळते. सहभोजनाचा सर्वांत मोठा व्यावहारिक उपयोग हाच असून तो कोणत्याही परिपत्रकात नोंदलेला नाही.

पदार्थांचा क्रम सहसा ढळत नाही. आधी थंड पदार्थांचे ताट, मग सूप, अख्खा वाफवलेला मासा, कोंबडी, कोळंबी, मशरूम घातलेली पालेभाजी, नूडल्स किंवा भात, शेवटी गोड. भात शेवटाकडे येतो, तेव्हा भातानेच जेवणाला सुरुवात करणाऱ्या मराठी माणसाची पंचाईत होते. तो सुरुवातीला उपाशी असतो आणि नंतर त्याला जागा उरत नाही. मुस्लिम सहकाऱ्यांसाठी हलाल जेवणाची सोय असते. शाकाहाऱ्याला मात्र सोयाबीनचे बदक मिळते. ज्याने जन्मात बदक खाल्ले नाही त्याला बदकासारखे लागणारे काहीतरी देणे, यामागची करुणा अजून नीट अभ्यासली गेलेली नाही. मध्येच सगळे उभे राहून पेले उंचावतात आणि 'याम सेंग'मधला 'याम' दम संपेपर्यंत ताणतात. वर्षभर बैठकीत तोंड न उघडणाऱ्या हिशेबनिसाचा आवाज किती मोठा आहे, हे तेव्हा कळते.

त्यानंतर दीर्घ सेवेची पदके आणि लकी ड्रॉ. पदकाला वीस वर्षे लागतात, एअर फ्रायरला एक चिठ्ठी पुरते. टाळ्या एअर फ्रायरला जास्त पडतात.

राहता राहिला पैसा. मुंबई महापालिकेत दिवाळीला सानुग्रह अनुदान किती, यावर दरवर्षी संघटना आणि आयुक्त यांच्यात खडाजंगी होते. सिंगापूरच्या सरकारी नोकराला तेराव्या महिन्याचा पगार मिळतो, त्यामुळे अनुदानावर भांडण होत नाही. पण जेवणाचा हिशेब होतो. तिथे सरकारी पैशाचा हिशेब वर्तमानपत्रांतही होतो. २०१२ मध्ये उद्यान विभागाने २६ घडीच्या सायकली प्रत्येकी २,२०० डॉलरला घेतल्या, तेव्हा प्रकरण चौकशीपर्यंत आणि पुढे एका अधिकाऱ्याच्या बाबतीत न्यायालयापर्यंत गेले. स्वतःच्या पैशाने खाल्लेलेही सुटत नाही. मंदीच्या तोंडावर, २००९ च्या जानेवारीत, एका सचिवाने आपण सहकुटुंब पॅरिसच्या कॉर्दों ब्लू पाकशाळेत शिकून आल्याचे वर्तमानपत्रात लिहिले. सुमारे ४६,५०० डॉलर खर्चाच्या या सहलीबद्दल त्याला मंत्र्यांनी संसदेत समज दिली. या दोन्ही प्रकरणांच्या तुलनेत सहभोजन सुरक्षित ठरते. सायकल भांडारात सापडते, पाककृती छापून येते, वाफवलेल्या माशाचा दुसऱ्या दिवशी पुरावा राहत नाही.

मात्र सहभोजन आणि लाच यांतला फरक कर्मचाऱ्याने पाठ करून ठेवावा. आंग मो किओ टाउन कौन्सिलच्या एका माजी महाव्यवस्थापकाला कंत्राटदाराकडून लाच घेतल्याबद्दल २०१९ मध्ये तुरुंगात जावे लागले, आणि त्या लाचेत उपाहारगृहे व कराओके बारमधली सरबराई होती. सर्व जण मिळून, वर्षातून एकदा, कचेरीच्या पैशाने जेवले तर ते सांघिक भावनेसाठी. दोघेच, वारंवार, कंत्राटदाराच्या पैशाने जेवले तर ते पुराव्यासाठी. नुसती भेट स्वीकारणेही सोपे नाही. २०२४ मध्ये एका माजी मंत्र्याला मुख्यतः ज्या कलमाखाली बारा महिन्यांची शिक्षा झाली, ते कलम १६५ मुळात भारतीय दंड संहितेतून तिकडे गेलेले आहे. भारताने ते १९८८ मध्ये संहितेतून काढून भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात हलवले. सिंगापूरने ते जागेवरच ठेवले आणि वापरलेही.

कोविडच्या काळात सहभोजनाच्या विधीत खंड पडला. २०२१ च्या चिनी नववर्षाला कच्च्या माशांची कोशिंबीर, म्हणजे यूशेंग, सर्वांनी मिळून उंच उडवण्याची प्रथा चालू ठेवायला परवानगी होती, पण मुखपट्टी लावून आणि शुभेच्छा तोंडाने न उच्चारता. भरभराटीच्या घोषणा मनातल्या मनात करत चॉपस्टिक्सनी गाजराचा कीस उडवणारी माणसे, हे सरकारी शिस्तीचे आजवरचे सर्वांत शुद्ध दर्शन मानावे लागेल. बैठकांत तसे नेहमीच होते, फक्त कीस नसतो.

जेवण सर्व कर्मचाऱ्यांना खुले असेल तर त्यावर प्राप्तिकर लागत नाही. 'कर्मचारी' या शब्दाची व्याख्या वर निमंत्रणाच्या संदर्भात दिली आहे. त्या व्याख्येत कंत्राटदाराचा माणूस बसत नाही. सिंगापूरच्या सफाई कामगारांसाठी २०१४ पासून परवान्याच्या अटींतून वेतनाची पायरी ठरवून दिलेली आहे. त्या पायरीवर किमान पगार आहे, वरच्या पदांच्या पायऱ्या आहेत, टेबलाचा क्रमांक नाही. तरीही खासदार पाहुणे म्हणून आपल्या भाषणात त्यांचा आवर्जून उल्लेख करतात आणि सभागृह त्यांच्यासाठी टाळ्या वाजवते. टाळ्या थांबल्यावर मासा येतो.

जेवण साधारण साडेदहाला संपते. उरलेल्या नूडल्स डब्यात भरून नेण्याची मुभा बहुतेक ठिकाणी असते, फुलांची सजावट मात्र पहिल्या टेबलावरची माणसे नेतात. दुसऱ्या दिवशी सकाळी राहत्या इमारतींखालची मोकळी जागा नेहमीच्या वेळेला झाडली जाते.