घाई कायले, भाऊ?

हल्ली सहज दिसायला माणसाला फार राबावं लागतं. केस आपोआप विस्कटल्यासारखे वाटावेत म्हणून सलूनमध्ये तासभर बसायचं, नवी जीन्स फाटकी बघून घ्यायची आणि या खटाटोपाला 'एफर्टलेस लूक' म्हणायचं. अमरावती-अकोल्याकडे हा माल खपत नाही. तो घरोघरी फुकट पिकतो.

वावरात रोडग्यांचा बेत असला की किती माणसं येणार याचा हिशेब कोणी मांडत नाही. गोवऱ्या पेटतात, वांग्याची भाजी रटरटते. दहा-वीस जण जास्त आले तर भाजीत पाणी वाढतं आणि गप्पांत मीठ.

हा गुण लोखंडालाही लागतो. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापुरातून अचलपूरला आणि यवतमाळला जायची ती नॅरोगेज शकुंतला घ्या. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांकडे धाडता यावा म्हणून इंग्रजांच्या काळात हा रूळ पडला. पुढे १९२१ साली मँचेस्टरातच बनलेलं वाफेचं इंजिन या गाडीला आलं आणि ते १९९४ पर्यंत राबलं. एवढ्या वर्षांत मँचेस्टरची शिस्त त्याच्या अंगातून पार उतरली. मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, वेळ चार तास. फाटक आलं की गाडी थांबायची, माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे सरकली की ते उघडून पुन्हा चढायचा. डब्यात एखादा पाहुणा घड्याळ बघू लागला की शेजारचा म्हणायचा, "गाडीले घाई नाही, तुमाले कायची हाये?"

परक्याला हा आळस वाटतो. त्याने मे महिन्यात यावं. पारा ४५ अंशांच्या वर असताना वखरणी करणाऱ्याला विचारावं, "ऊन लागत नाही का हो?" उत्तर येईल, "लागते ना भाऊ. उनाचं कामच हाये ते."

म्हणजे कष्ट आहेतच, फक्त त्यांची जाहिरात नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा दिवसभर हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात प्रश्न विचारून हसवता हसवता झाडायचे. समोर पोथी नाही, अंगावर धड कपडा नाही. गावकऱ्यांशी ओट्यावर बसून बोलावं तसं ते हजारोंशी बोलत. त्यांच्या त्या सहजपणाला आरशाची गरज नव्हती. आरशात बघायला त्यांना सवड कुठे होती?

शहरांत आता सहज वागायचे क्लास निघाले आहेत म्हणे. अमरावतीत तसा एखादा काढून बघावा. वर्ग सकाळी दहाचा. साडेदहाला प्रत्येकाला फोन लावला की प्रत्येक जण आंघोळीचा तांब्या हातात धरून सांगेल, "येऊन राह्यलो ना भाऊ, निघालोच!" ते सगळे पहिल्याच दिवशी पास. ठोक्याला दहा वाजता हजर असतील ते एकटे सर. ते नापास.