लांबीची खातरी असलेला गृहस्थ

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगी हे गाव कोल्हापूरच्या विमानतळाला लागून असून, विमानतळाच्या विस्तारीकरणात येथील जमीन गेलेली असल्याने मोजणीच्या वेळी डोळ्यांत तेल घालून बांधावर उभी राहणारी माणसे येथे नवलाची नाहीत. अशा गावात वाढूनही सी भाषेत मोजणी मॅक्रोवर सोपवून निर्धास्त झोपणारा विस्तारकार म्हणूनच अभ्यासास पात्र ठरतो.

पीएचपी, पर्ल अशा भाषांना सी भाषेत लिहिलेली जोड पुरवणे हा त्याचा व्यवसाय, तर मॅक्रो, म्हणजे कंपायलरचे खरे काम सुरू होण्यापूर्वीच एका मजकुराच्या जागी दुसरा डोळे झाकून बसवणारी सोय, हे त्याचे व्यसन होय. दर वेळी लांबी कोण लिहीत बसणार, म्हणून तो ‘साइझऑफ वजा एक’ असा हिशेब मॅक्रोत कोंडून टाकतो. वजा एक अशासाठी, की सी भाषेतील स्ट्रिंगच्या शेवटी एक शून्य बाइट असतो आणि साइझऑफ त्यालाही मोजते. अवतरणचिन्हांत थेट लिहिलेल्या मजकुरापुरते हे बिनचूक चालते: वाचकाला सहा अक्षरी दिसणारे ‘गडमुडशिंगी’ यूटीएफ-८ मध्ये दहा चिन्हांचे, म्हणजे ३० बाइटांचे भरते आणि मॅक्रोही ३०च सांगतो. परंतु तेच नाव पॉइंटरमधून, म्हणजे मजकुराचा नुसता पत्ता बाळगणाऱ्या चलातून आले, की साइझऑफ नाव सोडून पॉइंटरच मोजते; ६४-बिट यंत्रावर तो ८ बाइटांचा, त्यातून एक गेला की उरतात ७, आणि पडद्यावर ‘गड’ व त्यामागे ‘म’चा एक फुटका बाइट एवढेच उमटते. कंपायलर सहसा चकार शब्द काढत नाही, आणि मुडशिंगी कुठे गेली असे विचारल्यास हा गृहस्थ फॉन्टला बोल लावतो.

त्याची दुसरी खोड नेमकी उलटी आहे. पीएचपी ५ मध्ये हॅश तक्त्यातील किल्लीची लांबी शून्य बाइटासह सांगावी लागे, त्यामुळे ‘अधिक एक’ त्याच्या हाताच्या वळणात बसले. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ ने तो दंडक मोडीत काढला, पण हाताला ते कोणी कळवले नाही. परिणामी त्याने ठेवलेली किल्ली छापली तर हुबेहूब दिसते आणि शोधली तर सापडत नाही.

पर्लच्या कर्त्यांना अशा माणसांची पारख असावी, कारण त्यांच्या मॅक्रोत मजकुराच्या दोन्ही अंगांना रिकामी अवतरणचिन्हे जोडलेली असून पॉइंटर दिसताच कंपायलर जागीच अडतो. ही युक्ती सुचवल्यास तो “चालतंय की!” म्हणतो, चहा सांगतो आणि अडलेल्या ओळीत हाताने ३० लिहून मोकळा होतो; पुढे त्याच ओळीतून १५ बाइटांचे ‘उचगाव’ येते, तेव्हा उरलेली भरती शेजारच्या स्मृतीत जे हाती लागेल त्याने होते.