साचेवाले काका

साचेवाल्या काकांना गाड्यांची आवड असते, हा लोकांचा गैरसमज आहे. गाड्यांची आवड असलेला माणूस चिमुकली गाडी विकत घेतो, काचेच्या कपाटात ठेवतो आणि विसरून जातो. काकांना आवड असते ती गाडीच्या टरफलाची, म्हणजे तापवलेली प्लॅस्टिकची शीट साच्यावर बसवून केलेल्या पोकळ बॉडीची. आत मोटर, चाकं, सेल बसवायचं ‘कधीतरी’ ठरलेलं असतं. तोवर माळ्यावर बॉड्या साठत जातात. टिळकांनी शेंगा खाल्ल्या नाहीत म्हणून टरफलं उचलली नाहीत. हे शेंगा न खाता टरफलंच जमवतात.

पहिली गाडी अर्थातच प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याला बनलेली, मुंबईभर काळी-पिवळी होऊन फिरलेली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची उतरलेली. खेळण्यांच्या दुकानात पद्मिनी मिळते, असं काकांना चुकूनही सांगू नये. ‘बॉनेटचा उतार बघितलात का तिच्या?’ इथून जे सुरू होतं ते चहा गार होईपर्यंत चालतं. काकांची पद्मिनी खरीच्या २४ पट लहान, म्हणजे जेमतेम १६ सेंटिमीटर. पण उतार बरोबर.

आधी साचा. सुताराकडचे सागाचे तुकडे चिकटवायचे, तासायचे, लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचं. बाजू जराशा कलत्या हव्यात, नाहीतर थंड झालेली बॉडी साच्याला मारलेली मिठी सोडत नाही. जाळीच्या खाचांत, काचांच्या कडेला मिलिमीटरभर भोकं पाडायची, कोंडलेली हवा निघावी म्हणून. हे चालू असताना काकांशी खुशाल बोलावं. ते ऐकत नसतात.

खरा सोहळा रविवारी दुपारी. काकूंचा केकचा ओव्हन सरकारजमा होतो. चौकटीत बाइंडर क्लिपांनी आवळलेली प्लॅस्टिकची शीट आत जाते आणि काका काचेला नाक लावून बसतात. शीट आधी आखडते, वेडीवाकडी होते, मग मधोमध झोळी पडते. ‘बाजूला व्हा!’ बाहेर काढलेली शीट काही सेकंदांत थिजते, म्हणून वाटेतल्या खुर्च्या आणि नातवंडं आधीच हलवलेली असतात. टेबलावर भोकाभोकांच्या झाकणाची प्लायची पेटी, तिच्या पोटात व्हॅक्यूम क्लीनरची नळी, वर साचा. बटण काकूंकडे.

‘लाव!’

‘लावलंय!’

‘कधी?’

‘तुम्ही खोकलात तेव्हा!’

पाहुण्याने ‘छान ओढतो हो क्लीनर’ म्हटलं की तो अडकला. ‘ओढत नाही हो, वरची हवा दाबते! चौरस सेंटिमीटरला एक किलो. पूर्ण निर्वात केलं तर ए-फोर शीटवर सहाशे किलो भार. आपल्या क्लीनरला त्याचा फार तर पाचवा हिस्सा जमतो. म्हणजे आमच्या हिच्यासारख्या दोघी वर उभ्या आहेत असं समजा.’ पुढच्या रविवारी बटण उशिरा दाबलं जातं ते उगाच नाही.

जुलैत मात्र काका खचतात. शीटचं प्लॅस्टिक, म्हणजे पॉलीकार्बोनेट, हवेतली ओल पिऊन बसतं आणि तापवलं की अंगभर बुडबुडे. आधी १२० अंशांवर काही तास वाळवावं लागतं. शेजारी भजी तळतात तेव्हा हे शीट वाळवतात. पीईटीजी नावाच्या दुसऱ्या प्लॅस्टिकची शीट आणली तर सहसा ही कटकट नसते, हे त्यांना ठाऊक असतं. पण सोपं काही सुचवलं की त्यांचा चेहरा पडतो.

रंग आतून द्यायचा, म्हणजे बाहेरची चकाकी टिकते आणि गाडी घासली तरी रंग शाबूत राहतो. त्यासाठी जे वर दिसायचं ते आधी रंगवायचं, आणि टॅक्सीचा नंबर उलटा लिहायचा. काकांना हल्ली सुलट नंबर वाचायला जरा वेळ लागतो.

एवढं करून मागच्या कोपऱ्यावर प्लॅस्टिकची घडी पडतेच. काका तिथे अंगठा ठेवून बॉडी दाखवतात.

बघायला जरूर जा. कौतुक मनापासून करा, हात खरोखरच कसबी आहे. फक्त काकूंनी केक पुढे केला, तर घरात ओव्हन किती आहेत तेवढं आधी विचारून घ्या.