रविवारचा बुलेटस्वार

रविवारचा बुलेटस्वार मुख्यतः पुणे परिसरात आढळतो. आठवड्याचे पाच दिवस तो संगणकासमोर पोक काढून बसतो. त्या काळात त्याला इतरांपासून वेगळे ओळखता येत नाही. रविवारी पहाटे साडेपाचला सोसायटीतली कुत्री आणि ज्येष्ठ नागरिक एकदम जागे झाले, की तो निघाला असे समजावे. वाईपर्यंतचे सुमारे ९० किलोमीटर हे त्याचे कार्यक्षेत्र असून मिसळ हे निमित्त असते.

गाडीचे वजन दोनशे किलोच्या घरात असते. तिच्या चेनला ढील किती, मागच्या चाकात हवा किती, हे त्याला तोंडपाठ असते. स्वतःच्या मणक्यांविषयी त्याला एवढेच ठाऊक असते, की ते मागच्या बाजूला आहेत.

त्याची बैठक बसणाऱ्याच्या नव्हे, बघणाऱ्याच्या सोयीने ठरते. हात ताठ, कोपरे कुलूप घातल्यासारखी, गुडघे टाकीशी वैर असल्यासारखे फाकलेले. सारा भार माकडहाडावर. मागच्या खिशात जाडजूड पाकीट असल्याने एक बाजू बोटभर उंच. पाठीवरच्या सॅकमध्ये रेनकोट, पाने-पक्कड आणि घरच्यांनी कोंबलेला स्वेटर.

परिणाम गावांच्या क्रमाने दिसतात. खेड शिवापूरला बोटांना मुंग्या येतात. कारण ग्रिप आवळली, की इंजिनाची थरथर थेट मनगटात उतरते. खंबाटकीत मान आखडते; हनुवटी पुढे काढली, की दीड किलोचे हेल्मेट मानेला लोंबकळू लागते. वाईला उतरताना पाय सीटवरून पलीकडे येण्यास तीन प्रयत्न लागतात. उतरल्यावर तो कमरेत वाकलेलाच राहतो आणि कोणी पाहत असल्यास चेन तपासत असल्याचे दाखवतो. चौघांचा गट असेल तर चारही चेन तपासल्या जातात.

यावरचे उपाय साधे आहेत. भार बैठकीच्या दोन हाडांवर घ्यावा आणि धड पोटाच्या स्नायूंनी सावरावे. हँडल हे लोंबकळण्यासाठी नसते. कोपरे किंचित वाकलेली, खांदे सैल, पकड पिकलेले केळे धरल्यासारखी. हनुवटी आत. गुडघ्यांनी टाकी हलकेच धरावी. चवडे फूटरेस्टवर असावेत, म्हणजे खड्डा आला की पायांवर भार घेऊन बूड जरा उचलता येते आणि दणका मणक्यांऐवजी मांड्या सोसतात. पाकीट पुढच्या खिशात घालावे, सॅक मागच्या सीटवर बांधावी. तासाभराने थांबून पाणी प्यावे व चार पावले चालावे.

घरी करायचे व्यायामही मोजकेच आहेत: पाठीसाठी मार्जारासन आणि भुजंगासन, पोटासाठी अर्धा मिनिट प्लँक, खुर्चीत आखडलेल्या जांघांसाठी एक पाय पुढे टाकून मागचा ताणणे, आणि तळहात पुढे करून बोटे हलकेच मागे ओढणे. हे सर्व बुलेटस्वाराने मोबाइलमध्ये जपून ठेवलेले असते. योगासनांची चटईही त्याने घेतलेली असते. चेन साफ करताना ती गुडघ्यांखाली उपयोगी पडते.

सोमवारी संध्याकाळी तो कमरेला बाम चोळून बायकोच्या स्कूटरवरून दळण आणायला निघतो. पुढे पायांशी पिठाचा डबा असतो. तो कलंडू नये म्हणून गुडघे त्याला दोन्ही बाजूंनी अलगद धरून असतात. पाठ सरळ, कोपरे वाकलेली, पकड हलकी, नजर पुढच्या खड्ड्यावर. बैठकीत एकही दोष उरलेला नसतो. मात्र वाटेत ओळखीचे कोणी दिसल्यास तो तोंड फिरवतो.