काम चालू, साइट बंद

निवृत्त माणूस वेबसाइट काढायला बसला की इमारतीतल्या संगणकवाल्यांनी चार-सहा महिने गावी जाऊन राहावं. हा गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असणारच. कालपरवापर्यंत तो होमिओपॅथीच्या गोळ्या वाटत होता, त्याआधी शेअर बाजारावर बोलत होता. आता कुठल्याशा जाहिरातीने त्याला सांगितलंय की कोडिंगचा गंध नसला तरी चालतं, ठोकळे नुसते ओढायचे आणि सोडायचे. ओढायचं त्याने आणि सोडवायचं आपण, हे जाहिरातीत नसतं.

आमच्या वाट्याला नाना आले. मी बँकेत कर्जाच्या फायली बघतो. पण सोसायटीचा प्रिंटर एकदा माझ्या हातून चालू झाला आणि नानांनी माझी परस्पर कन्सल्टंट म्हणून नेमणूक केली.

नाना सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसीअर. खात्याने त्यांना सोडलं, त्यांनी खात्याला सोडलेलं नाही. सकाळी दहाला इस्त्रीचा शर्ट घालून ते काकूंना ‘साइटवर जातो’ म्हणून सांगतात आणि आतल्या खोलीत जातात. एक वाजता तिथेच डबा उघडतात. लॅपटॉपशेजारी एमबी असते. एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, मोजमापाची वही. तिच्यात नोंद झाल्याशिवाय बांधकाम खात्यात खडीचा एक खडाही अस्तित्वात येत नाही. तिच्यात खाडाखोड चालत नाही; चुकलेला आकडा एका आडव्या रेघेने कापायचा आणि शेजारी सही ठोकायची. नानांच्या एमबीत पासवर्ड आहेत. ते दर आठवड्याला विसरले जात असल्यामुळे पानभर रेघा आहेत आणि पानभर सह्या. चोराने वही पळवली तरी यातला मंजूर पासवर्ड कुठला, हे विचारायला त्याला नानांकडेच यावं लागेल.

पहिला घोळ नावाचा. ‘.भारत’ हे देवनागरी शेपूट २०१४पासून मिळतं, असं नानांनी कुठेतरी वाचलं आणि मराठी नाव घेऊनही टाकलं. मग पत्ता कॉपी करून सोसायटीच्या ग्रुपवर डकवला, तर तिथे उमटलं ‘एक्सएन’, दोन आडव्या रेघा आणि पुढे रोमन अक्षरांचा चिवडा. इंटरनेटची पत्त्यांची यंत्रणा अजून आतून रोमन अक्षरांवरच चालते, देवनागरी नावाला तिथे वेषांतर करून शिरावं लागतं, असं मी समजावलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे पाटीवर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरंच. फेरफार कधी होणार?”

नवा पत्ता जगभर पोचायला कधीकधी ४८ तास लागतात, हे मात्र त्यांना एका क्षणात उमगलं. “क्युरिंग!” दोन दिवस त्यांनी काकूंना लॅपटॉपवरची धूळसुद्धा पुसू दिली नाही.

साइट उभी करायला नानांनी वर्डप्रेस घेतलं. ते २००३ सालापासून आहे, फुकट आहे, आणि जगातल्या दर दहा साइटींपैकी चारांहून अधिक त्याच्यावर उभ्या आहेत. आपल्या पाच मिनिटांच्या इन्स्टॉलेशनचा त्या मंडळींना मोठा अभिमान. नाना पाच मिनिटं अंदाजपत्रकाच्या मथळ्यावरच घालवतात. शिवाय फुकट हा प्रकार त्यांच्या पचनी पडेना. “टेंडर नाही, दरसूची नाही, मग हे काम दिलं कोणी आणि कोणाला?” होस्टिंगवाल्यांचं बिल आलं तेव्हा कुठे त्यांना हायसं वाटलं. पहिल्या वर्षी किरकोळ भाव आणि नूतनीकरणाला भलताच, हे बारीक अक्षरात वाचून तर त्यांचा चेहरा उजळला. ओळखीचं माणूस भेटल्यासारखे म्हणाले, “कमी दराने टेंडर भरायचं आणि मागून एक्स्ट्रा आयटम काढायचे. चालू दे.”

नव्या साइटवर वर्डप्रेस नमुन्याचा एक लेख आणि त्याखाली नमुन्याचा एक अभिप्राय आपणहून ठेवून देतं. तो यंत्राचा आहे हे नानांना सांगायला मला उशीर झाला. तोवर त्यांनी ‘आपण अगत्याने दखल घेतलीत, आभारी आहे, मोरीच्या कामासंबंधी काही सूचना असल्यास अवश्य कळवाव्यात’ असं उत्तर देऊन एमबीत जावक क्रमांक टाकला होता.

मग थीम. नानांनी विटकरी रंग बघून एक थीम पसंत केली. ती हॉटेलवाल्यांसाठी होती. परिणामी कितीतरी दिवस त्यांच्या मुखपृष्ठावर रस्त्याखालच्या दगडी मोरीचा फोटो आणि त्याखाली ‘टेबल बुक करा’ असं बटण होतं. मधल्या मोकळ्या जागेत लोरेम इप्सम, म्हणजे सिसेरोचं इसवी सनापूर्वी ४५ सालचं लॅटिन मोडूनतोडून केलेला भरणा. त्याला नानांनी हात लावू दिला नाही. “मुरूम आहे तो. फरशी आली की बघू.” एकाने खरोखरच शनिवारी रात्री चौघांसाठी टेबल मागितलं. पावसाळ्यात मोरीवर बसणं धोक्याचं आहे, असं नानांनी त्याला लेखी कळवलं.

एका रात्री अकरा वाजता फोन आला. “अरे, मी शेजारीशेजारी दोन खोल्या काढल्या होत्या. मोबाइलवर बघतोय तर एकीच्या डोक्यावर दुसरी! वरच्या मजल्याला मंजुरी कोणी दिली?” अरुंद पडद्यावर रकाने एकाखाली एक येतात, ते मुद्दामच तसं केलेलं असतं, असं मी झोपेत सांगितलं. सकाळी दाराखालून एक कागद आला. माझा खुलासा मागवला होता.

मजकुराचा निराळाच ताप. नानांनी वर्षानुवर्षं कचेरीतल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून ठेवलेलं साइटवर आणलं की अक्षरांची डॉलर आणि प्रश्नचिन्हं व्हायची. तो फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या काळातला. आत रोमन अक्षरंच, वरून मराठीचा मुखवटा. रूपांतर करून देणारी साधनं आहेत, पण ती हमखास जोडाक्षरात अडखळतात. म्हणून ते सगळं ओळीओळीने तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी वैतागलो होतो, हे नानांच्या लक्षातही आलं नाही.

तो मजकूर असा आहे. राजापूर, लांजा, संगमेश्वर या भागात नानांच्या हाताखाली झालेल्या मोऱ्या आणि लहान पूल. प्रत्येकाला एक पान. किलोमीटरचा दगड, साल, पाया किती खोल गेला, कातळ कुठे लागला. आणि खाली नावं. मुकादम, गवंडी, दगड फोडणारे वडार, पाणी आणणाऱ्या बायका. नानांनी खिशातल्या डायऱ्यांमध्ये उतरवून ठेवलेली ही नावं, बहुतेक आडनावांशिवाय. काहींपुढे ‘डावा अंगठा’ एवढंच. एका मोरीच्या पानावर नोंद आहे की हिचा गवंडी उद्घाटनाला आला होता, मांडवात खुर्ची मिळाली नाही म्हणून बाहेर उभा होता.

कोनशिलेवर मंत्र्यांचं नाव असतं, अध्यक्षांचं असतं, ‘प्रमुख उपस्थिती’वाल्यांचं असतं. २०१६च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल वाहून गेला, त्याबद्दल नाना एकदाच बोलले. “पडला की चौकशी होते, बांधला कोणी. उभा असतो तोवर कोण विचारतंय?” मग लगेच मला म्हणाले, ते बटण अजून हललेलं नाही.

मी ते बटण काढलं. न सांगता फोटोही हलके करून दिले, कारण आठ-आठ एमबीचे फोटो टाकून त्यांनी पान इतकं जड केलं होतं की ते उघडेपर्यंत चहा व्हायचा. (ही एमबी वेगळी. नानांना मात्र ती तीच वाटते आणि हवीहवीशी वाटते.) माणूस असह्य आहे, याबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण अमुक तारखेला अमुक बाईने किती घागरी पाणी ओतलं, हे जपून ठेवणारी दुसरी साइट मला दाखवा.

उद्घाटन अजून झालेलं नाही. मुखपृष्ठावर ‘काम प्रगतिपथावर’ अशी पट्टी आहे, कारण कंप्लीशन सर्टिफिकेट देणारा अधिकारी कोण, हे नानांना ठरवता येत नाहीये. दरम्यान ही बातमी वॉर्डातल्या माननीयांच्या कानावर गेली. त्यांचा एक कार्यकर्ता पेन ड्राइव्ह घेऊन आला. हात जोडलेला फोटो, वर ‘संकल्पना’, खाली ‘सौजन्य’. पहिल्याच पानावर लावा, साहेबांनी सांगितलंय. नानांनी चष्मा लावला, फोटोची लांबी-रुंदी विचारून घेतली, एमबीचं पान उलटलं आणि बराच वेळ हिशेब केला.

“एफएसआय शिल्लक नाही,” ते म्हणाले. “साहेबांना सांग, टीडीआर आणा, मग बघू.”